राजदूत ३५०, ड्यूकचा चिमटा आणि मधली चाळीस वर्षं

आमच्या गॅलरीत सध्या वॉशिंग मशीनशेजारी गोणपाटात गुंडाळलेला एक चिमटा उभा आहे. चिमटा म्हणजे मोटारसायकलचा पुढचा चिमटा. दोन जाडजूड शॉकअप, त्यांना धरणाऱ्या वरच्या-खालच्या प्लेटा, चाक, ३०० मिलिमीटरची डिस्क आणि कॅलिपर, सगळं एकत्र. केटीएम ड्यूकचा आहे. नाना पेठेतून आणला. बायकोचं मत, "टॉवेल वाळत घालायला बरा आहे." गेले चार महिने त्याचा तेवढाच उपयोग होतोय, हेही खरं :-)

तर झालं असं. माझ्या मामाकडे साताऱ्याला राजदूत ३५० आहे. जुन्या लोकांची 'आर्डी'. १९९१ साली त्याने ती सेकंडहँड घेतली, तेव्हापासून जिवापाड जपली. आता गुडघ्यांमुळे त्याला किक मारवत नाही, म्हणून गेल्या वर्षी गाडी पुण्याला माझ्याकडे आली. आणि गाडी आली तशी दुसऱ्याच आठवड्यात माझा भाचा आला. वय वर्षं वीस, इंजिनियरिंगला. (तो मला मामा म्हणतो, मी साताऱ्याला मामा म्हणतो, त्यामुळे घरात 'मामाची गाडी' म्हटलं की कोणाची यावर वाद होतो.) गाडीभोवती दोन चकरा मारून भाचा म्हणाला, "इंजिन भारी आहे रे मामा, पण ब्रेक? ड्यूकचं फ्रंट एंड टाकू ना!"

कल्पना मला एकदम पटली. आम्ही जाऊन सामान घेऊनही आलो. पण आमच्या धंद्यात एक जुनी शिकवण आहे, जुन्या कोडला हात लावण्याआधी तो तसा का लिहिला होता ते शोधा. नाहीतर रात्री तीन वाजता फोन येतो. म्हणून पाना हातात घेण्याआधी मी एकच प्रश्न घेऊन बसलो. इतक्या वेगवान गाडीला ड्रम ब्रेक का बरं?

त्या प्रश्नाने माझे चार वीकेंड खाल्ले.

मूळ गाडीला डिस्क होती

यामाहाची आरडी ३५० ही १९७३ची. ३४७ सीसी, दोन सिलिंडर, टू-स्ट्रोक, हवेवर थंड होणारी. आणि तिला पुढे हायड्रॉलिक डिस्क ब्रेक होता! तिच्या आधीच्या आर-५ या गाडीला ड्रम होता, तो काढून यामाहाने मुद्दाम डिस्क दिली होती.

तीच गाडी एस्कॉर्ट्सने १९८३ साली 'राजदूत ३५०' म्हणून भारतात आणली. येताना तिच्यात काटछाट झाली. मूळचे ३९ हॉर्सपॉवर सुरुवातीच्या 'एचटी' गाडीत ३०.५ झाले आणि नंतरच्या 'एलटी'त २७. कारण उघड आहे, मायलेज. आणि पुढची डिस्क जाऊन ड्रम आला. त्याचंही कारण उघड आहे, किंमत. म्हणजे १९७३ साली जपानमध्ये जो ड्रम जुना म्हणून काढला होता, तोच प्रकार दहा वर्षांनी आपल्याकडच्या नव्या गाडीत बसला.

आता लगेच कंपनीला शिव्या घालायची गरज नाही. १९८३ चा बाजार डोळ्यांसमोर आणा. स्कूटरसाठी वर्षानुवर्षं नंबर लावायचे दिवस. डिस्कची पॅड, ब्रेक ऑइल, मास्टर सिलिंडरचे रबर तालुक्याच्या गावी कोण ठेवणार? लायनर मात्र कुठेही बदलून मिळायचे. आणि सगळं करूनही गाडी गिऱ्हाइकाला महागच वाटली, पेट्रोलही पीत होती. १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली, लोकांनी मायलेजला मत दिलं आणि १९८९ च्या सुमारास राजदूत ३५० चं उत्पादन थांबलं.

पण हिशेब सोडायचा नाही. त्या इंजिनाचे हॉर्सपॉवर कापले तरी शिल्लक राहिले ते तेव्हाच्या आपल्या रस्त्यावर भरपूर होते. ब्रेक कापला तो मात्र परत कोणी दिला नाही.

ड्रम एवढा वाईट असतो का?

नाही! हे मुद्दाम सांगतो, कारण आजकाल ड्रमला हसायची फॅशन आहे. राजदूतच्या पुढच्या ड्रममध्ये दोन्ही शू 'लीडिंग' असतात. म्हणजे चाक ज्या दिशेने फिरतं त्याच दिशेने शू ड्रममध्ये ओढला जातो, आणि चाकाची गतीच ब्रेकला मदत करते. पहिला ब्रेक चांगला कडक लागतो. (उलट, चढावर गाडी मागे घरंगळली की हाच ब्रेक अगदी मवाळ होतो. कात्रजच्या घाटात ट्रॅफिकमध्ये अडकून हा अनुभव मी घेतलाय.)

गोम आहे ती दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या ब्रेकमध्ये. ड्रम तापला की फुगतो, आणि फुगतो तो शूपासून लांब. लायनर तापले की त्यांची पकड घटते. घाट उतरताना लिव्हर हळूहळू हँडलकडे सरकत येते. पावसात पाणी आत गेलं की लवकर बाहेर पडत नाही. डिस्क मात्र उघड्यावर फिरते, वाऱ्याने निवते, पाणी झटकून टाकते, आणि तापून जाड झालीच तर पॅडच्या दिशेनेच होते.

ही कल्पना काही जपान्यांची नव्हे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टरने १९०२ सालीच मोटारीसाठी डिस्क ब्रेकचं पेटंट घेतलं होतं. पण तिला खरी प्रतिष्ठा मिळाली १९५३ मध्ये, जेव्हा डिस्क ब्रेकवाल्या जॅग्वार सी-टाइपने ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जिंकली. रात्रभर पळूनही ब्रेक तसेच्या तसे! मोटारसायकलवर डिस्क सर्वसामान्यांच्या हाती आली ती १९६९ च्या होंडा सीबी ७५० मुळे. ही गाडी तयार होत असताना ड्रम की डिस्क असा पेच पडला होता. डिस्कचं काम अजून अर्धवट होतं, ड्रम तयार होता. सोइचिरो होंडांनी डिस्कच्या बाजूने कौल दिला. सीबी ७५० चं नाव झालं चार सिलिंडरच्या इंजिनामुळे, पण माझ्या मते तिची मोठी देणगी पुढच्या चाकात होती.

आणि शॉकअप?

इथे एक छोटंसं गणित करू या. समजा गाडी आणि स्वार मिळून २२० किलो. गुरुत्वमध्य जमिनीपासून ६० सेंटिमीटर, दोन चाकांतलं अंतर १३२ सेंटिमीटर. उभ्या गाडीत वजन निम्मं-निम्मं धरू, ११० पुढे आणि ११० मागे. आता जोरदार ब्रेक मारला, गुरुत्वाकर्षणाच्या ०.८ पट. वजन किती पुढे सरकलं? २२० × ०.८ × ६० भागिले १३२, म्हणजे ८० किलो. पुढे १९० आणि मागे ३० किलो. थांबायच्या क्षणी तुमची गाडी जवळजवळ एकचाकी असते!

म्हणून पुढचा ब्रेक वाढवला की तो सगळा भार कोण उचलणार हा प्रश्न येतो. तो उचलतो चिमटा.

डेन्मार्कच्या निम्बसने १९३४ मध्ये आणि जर्मनीच्या बीएमडब्ल्यूने १९३५ मध्ये दुर्बिणीसारखे आत-बाहेर सरकणारे चिमटे बाजारात आणले. बीएमडब्ल्यूच्या आर-१२ मध्ये तेलाने धक्का जिरवण्याची सोयही होती. आजही बहुतेक गाड्यांचा चिमटा त्याच कुळातला आहे. पुढे अर्धं शतक आतली रचना साधी राहिली. एका दांड्याला ठरावीक भोकं, त्यातून तेल जाणार. हा झाला 'डॅम्पर रॉड'. त्याची खोड अशी की भोक ठरलेलं असल्यामुळे तेलाचा वेग दुप्पट झाला की विरोध साधारण चौपट होतो. खड्ड्यात गाडी धाडकन आदळली की चिमटा दगडासारखा, आणि ब्रेकवर सावकाश दबला की लोण्यासारखा. दोन्हीकडे नुकसान आपलंच.

शर्यतींनी यावर उपाय काढला. भोकांऐवजी पातळ पोलादी चकत्यांची चवड. तेलाचा जोर वाढला की चकत्या वाकून वाट मोठी करतात. हा 'कार्ट्रिज' चिमटा. १९९० च्या आसपास चिमटा उलटाही झाला. जाड नळी वर, बारीक खाली, कारण ब्रेक मारल्यावर वाकवणारा जोर सगळ्यात जास्त खालच्या प्लेटेपाशी असतो. २००३ च्या सुमारास रस्त्यावरच्या सुपरस्पोर्ट गाड्यांवर रेडियल कॅलिपर आले. जाडीही वाढत गेली. सारख्याच पत्र्याची नळी ३५ ऐवजी ४३ मिलिमीटर व्यासाची केली तर तिचा ताठपणा जवळजवळ पावणेदोन पटीच्या वर जातो. आठ मिलिमीटरमध्ये एवढा फरक!

भंगारातून आलेली क्रांती

२००४ मध्ये मी कॅलिफोर्नियात ऑनसाइट होतो. शेजारच्या क्यूबिकलमधल्या सहकाऱ्याकडे सुझुकी एसव्ही ६५० होती. १९९९ साली आलेली ही गाडी इंजिनाने झकास, पण किंमत आवाक्यात ठेवायला पुढे साधा डॅम्पर रॉडचा चिमटा. ओळखीची गोष्ट वाटतेय ना? तिथल्या पोरांनी इलाज शोधला होता. सुझुकीचीच जीएसएक्स-आर ही स्पोर्टबाइक. शर्यतीच्या नादाने लोक ती घेत आणि आपटत. विमा कंपनी गाडी निकालात काढी आणि पुढचा अख्खा चिमटा भंगारवाल्याकडे स्वस्तात मिळे. तो एसव्हीला बसवायचा. अमेरिकेतल्या जुन्या आरडीवाल्यांचंही तेच चाललेलं, यामाहाच्याच एफझेडआरचे चिमटे आणून.

मला तेव्हा हेवा वाटला होता. कारण आपल्याकडे दाता गाडीच नव्हती. हो, १९९९ मध्ये हिरो होंडा सीबीझेड आली, २००१ मध्ये पल्सर, आणि डिस्क ही गोष्ट आपल्या कॉलेजांच्या पार्किंगमध्ये दिसू लागली. पण चिमटे तेच, साधे.

मग जानेवारी २०१२ मध्ये केटीएम २०० ड्यूक आली. ४३ मिलिमीटरचा उलटा चिमटा, ३०० मिलिमीटरची डिस्क, रेडियल कॅलिपर. डिझाइन ऑस्ट्रियाचं, पण बांधणी बजाजच्या चाकणच्या कारखान्यात. कॅलिपर 'बायब्रे', म्हणजे इटलीच्या ब्रेम्बोचा छोट्या गाड्यांसाठीचा ब्रँड. पुढच्या दोन-तीन वर्षांत (आपटायचं काम आपल्याकडेही जोरात असल्यामुळे) त्याच चिमट्यांचे ढीग जुन्या बाजारात दिसू लागले. १९८३ साली महाग म्हणून जो ब्रेक आपल्याला मिळाला नाही, त्याचा नातू पुण्यापासून तासाभराच्या अंतरावर बनून भंगारात येऊन पडला होता.

पण बसतो का?

बसवता येतो. 'बसतो' आणि 'बसवता येतो' यात आख्खा लेथ आहे.

ड्यूकच्या प्लेटांमधली दांडी राजदूतच्या फ्रेमच्या गळ्यात जशीच्या तशी जात नाही. दांडी बदलून प्रेस करायची किंवा वेगळ्या मापाचे बेअरिंग शोधायचे. हँडल पूर्ण वळलं की चिमटा टाकीला धडकतो, म्हणून अडण्या नव्याने लावायच्या. स्पीडोमीटरच्या केबलला जागा उरत नाही. मास्टर सिलिंडर कॅलिपरच्या मापाचाच लागतो. मोठा लावला तर लिव्हर लाकडासारखी, छोटा लावला तर हँडलपर्यंत येते.

सगळ्यात बारीक गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही, ती म्हणजे 'ट्रेल'. हँडलचा आस जमिनीला जिथे भिडतो, त्याच्या किती मागे टायर टेकतो ते अंतर. यामुळेच गाडी सरळ जाते. १८ इंची चाक जाऊन १७ इंची आलं, चिमटा आखूड झाला, की ट्रेल घटतो. नव्या प्लेटांचा पुढचा उभार कमी असतो, त्याने ट्रेल वाढतो. मी स्प्रेडशीट मांडून अंदाजी आकडे घातले तर जुना ९१ मिलिमीटर आला आणि नवा १०२. नशिबाने दोन बदल एकमेकांना बरेचसे खातात. पण नशिबाने! मोजल्याशिवाय हे कळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी कोणी मोजत नाही.

हे मी शहाणपणाने सांगत नाहीये. २००६ मध्ये मी स्वतः एक घोळ घातलाय. तेव्हाच्या माझ्या गाडीच्या जुन्याच बारीक चिमट्यावर मी दुसऱ्या गाडीची मोठी डिस्क लावली. कॅलिपर धरायला पाच मिलिमीटरच्या पट्टीचा ब्रॅकेट मीच कापून घेतला. पंधरा दिवस अगदी झोकात गेले. सोळाव्या दिवशी नळ स्टॉपच्या सिग्नलला ब्रेक दाबला, 'टण्ण' आवाज झाला आणि लिव्हर एकदम मोकळी. ब्रॅकेट वाकून तडकला होता. वेग वीसच्या आत होता, मागचा ब्रेक होता, समोरच्या रिक्षाच्या बंपरला जेमतेम टेकलो. रिक्षावाले काका जे बोलले ते इथे लिहिता येत नाही. पण घरी येऊन तो ब्रॅकेट हातात घेतला तेव्हा बोटं थरथरत होती. वीसऐवजी साठ असते तर?

चूक सर्वस्वी माझी होती. ब्रेक वाढवला, पण त्याच्यामागची साखळी वाढवली नाही. अर्धवट केलेला मोठा ब्रेक चांगल्या ड्रमपेक्षा धोक्याचा, कारण तो विश्वास आधी देतो आणि दगा नंतर.

मग आता?

चार वीकेंडनंतर माझं मत असं झालंय. राजदूतला डिस्क लावणं म्हणजे जुन्या गाडीशी प्रतारणा, असं म्हणणारे शुद्धतावादी मला पटत नाहीत. त्या गाडीच्या मूळ आराखड्यात डिस्क होतीच. आपण फक्त काढून घेतलेलं परत देतोय. पण ड्यूकचा चिमटा टाकणं ही वेगळी गोष्ट आहे. तो मामाच्या गाडीच्या फ्रेमला माहीत नसलेला जोर आहे. करायचं तर पूर्ण करावं लागेल, फ्रेमच्या गळ्यापासून मागच्या शॉकअपपर्यंत.

शिवाय कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच उचलून धरलं. म्हणजे गंमत बघा, १९७३ च्या आराखड्यातली डिस्क परत लावणं हा कागदोपत्री 'बदल', आणि खर्चासाठी लावलेला ड्रम 'मूळ'. त्याच २०१९ च्या एप्रिलपासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या गाड्यांना एबीएस सक्तीचं झालं. उशिरा का होईना, पुढच्या चाकाचा हिशेब आता ग्राहकाच्या मर्जीवर सोडलेला नाही, हे मला फार बरं वाटतं. आपल्यापैकी किती जणांनी शोरूममध्ये स्वतःहून ब्रेकसाठी जास्तीचे पैसे मोजले असते? मी तरी तेव्हा मोजले नव्हते.

भाचा अर्थातच नाराज झाला. मग गेल्या रविवारी त्याला घेऊन गावाबाहेरच्या एका ओसाड प्लॉटिंगच्या रस्त्यावर गेलो. आदल्या दिवशी राजदूतचे लायनर नवे टाकले होते, ड्रम लेथवर साफ करून घेतला होता, शॉकअपचं तेल बदललं होतं, टायर नवे. खडूने रेघ मारली. आधी त्याची एबीएसवाली गाडी. साठचा वेग, रेघेवर ब्रेक. थांबला तिथे वीट ठेवली. मग आर्डी. साठ, रेघ, ब्रेक. त्याने सवयीने दोन बोटांनी लिव्हर ओढली आणि गाडी विटेवरून तशीच पुढे गेली. मग चारही बोटं, मग मागचा ब्रेक. विटेपासून मोजली तर बारा पावलं.

हेल्मेट काढून तो काही बोलला नाही. ती बारा पावलं त्याने परत एकदा स्वतः मोजली. मग म्हणाला, "मामा, आजोबा तीस वर्षं हिच्यावर घाट उतरायचे?"

संध्याकाळी साताऱ्याला फोन लावला आणि मामाला हे सांगितलं. तो हसला. म्हणाला, "अरे, मी कधी त्या ब्रेकवर भिस्त ठेवलीच नाही. पुढच्या गाडीपासून चार गाड्यांचं अंतर. घाटात आधीच गिअर खाली. पोराला सांग, महिनाभर तुझ्या मागे बसायचं, मग किल्ली."

तर सध्या भाचा मागे बसतो, आणि माझ्या खांद्यावरून पुढे बघून "मामा, अंतर, अंतर!" असं मलाच ओरडतो. चिमटा अजून गॅलरीतच आहे. एखादी मोडकी फ्रेम मिळाली तर फक्त ट्रॅकवर पळवायची गाडी बांधू, असा बेत शिजतोय. स्प्रेडशीट तयार आहे, लेथवाल्याशी बोलणं झालंय, बायकोशी व्हायचंय.

असो. फार लांबलं. उद्या सकाळी रिलीज आहे, झोपतो.